चिन्हासकट पद : बैजिक राशींच्या ओळखीची प्रस्तावना

सातवीच्या वर्गात फळ्यावर १० − ३ + ४ लिहून किंमत विचारली, की दोन उत्तरे येतात : ११ आणि ३. तीन म्हणणारे मूल अभ्यासात कच्चे असते असे मुळीच नाही. पुष्कळदा त्याला नियम इतरांपेक्षा चोख पाठ असतो. ‘कंचेभागुबेव’ हे आपल्या शाळांतले जुने आणि उपयोगी सूत्र : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. त्यात ‘बे’ हा ‘व’च्या आधी येतो, म्हणून मूल आधी ३ आणि ४ यांची बेरीज उरकते आणि मग १० मधून ७ वजा करते. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या आहेत, डावीकडून ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने त्या कराव्यात, ही पुरवणी शिक्षक सांगतात आणि पुस्तकातही असते. पण सूत्र लक्षात राहते आणि पुरवणी गळून पडते. अंकगणितात हे निभावून जाते. उत्तर चुकले की लाल रेघ पडते, मूल दुरुस्ती करते आणि पुढे सरकते. बीजगणितात हीच चूक १० − ३क्ष + ४क्ष चे १० − ७क्ष करून ठेवते, आणि तिथे पडताळायला एकच एक आकडा हाताशी नसतो. दोन्हीकडे घडलेली गोष्ट एकच आहे. मुलाने उणे चिन्ह तीनापासून सोडवून मधल्या रिकाम्या जागेत ठेवले आहे. त्याला तीन सुट्या संख्या आणि त्यांच्यामध्ये दोन हुकूम दिसतात. दिसायला हवेत ते तीन घटक : अधिक दहा, उणे तीन, अधिक चार. असे दिसले, की कुठूनही सुरुवात केली तरी बेरीज अकराच येते आणि क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

पुढच्या पानांची सगळी मांडणी याच एका म्हणण्यावर उभी आहे. बैजिक राशीचा मूळ घटक अक्षर आहे असे आपण समजतो आणि मुलांनाही तसेच शिकवतो. माझे म्हणणे असे, की मूळ घटक पद आहे, आणि तेही त्याच्या चिन्हासकट. राज्याच्या पाठ्यक्रमात सहावीला पूर्णांक संख्या आणि समीकरणे येतात, सातवीला ‘बैजिक राशी व त्यांवरील क्रिया’ हा पाठ येतो, आठवीत विस्तार सूत्रे, अवयव आणि बहुपदींचा भागाकार. म्हणजे पद, चल, सहगुणक, घातांक, स्थिर पद, सजातीय आणि विजातीय पदे, एकपदी, द्विपदी, त्रिपदी ही सगळी नावे मुलाला जवळजवळ एकाच आठवड्यात भेटतात. ती वहीत एकाखाली एक लिहिली जातात आणि व्याख्या म्हणून पाठ होतात. पण ही नावे एका मापाची नाहीत. पद हाती आल्यावर त्याच्याविषयी जे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरे म्हणजे बाकीची नावे. हे पद अधिक आहे की उणे? किती पट आहे? कशाची पट आहे? ते ‘काही’ स्वतःशीच किती वेळा गुणलेले आहे? त्यात बदलणारे काही आहे की नाही? −७क्ष² हे पद समोर असेल, तर सहगुणक −७, चल क्ष, घातांक २, इतके सारे एका पदाच्या वाचनातून मिळते. पद नेमके कुठे सुरू होते आणि कुठे संपते हेच कळले नसेल, तर सहगुणकाची व्याख्या कितीही घोकली तरी मूल ७ म्हणून मोकळे होते.

उदाहरणे शीळफाट्याच्या आसपासची घेतली आहेत. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल या बाजूंचे रस्ते जिथे एकत्र येतात, तिथल्या मुलांना अंतर, भाडे आणि वेळ यांचे हिशेब नव्याने समजावावे लागत नाहीत. रिक्षाचेच घेऊ. शेअर रिक्षात माणशी ठरलेले पैसे असतात, तिथे बीजगणिताला फारसे काम नाही. मीटरच्या भाड्यात मात्र भरपूर आहे. मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतही, १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असा दर लागू झाला. थांबण्याचा आणि रात्रीचा जादा आकार बाजूला ठेवू. प्रवास क्ष किलोमीटरचा असेल, आणि क्ष दीडपेक्षा कमी नसेल, तर भाडे २६ + १७.१४(क्ष − १.५) रुपये. यात पदे किती, असे विचारले की मुले तीन म्हणतात, कारण त्यांना २६, १७.१४क्ष आणि १.५ असे तीन तुकडे दिसतात. पदे दोनच आहेत. दुसरे पद हा एक गुणाकार आहे, १७.१४ आणि (क्ष − १.५) हे त्याचे दोन अवयव. कंसातले उणे चिन्ह त्या पदाच्या आतले आहे, राशीच्या पातळीवरचे नाही. आता कंस सोडवला, की २६ + १७.१४क्ष − २५.७१ अशी तीन पदे होतात, त्यांतली २६ आणि −२५.७१ ही दोन स्थिर पदे एकत्र येतात आणि राशी उरते १७.१४क्ष + ०.२९. चार किलोमीटरला दोन्ही राशी ६८ रुपये ८५ पैसेच देतात, पण दुसरी राशी एक गोष्ट उघड करते जी पहिलीत झाकलेली होती. किमान भाडे नावाची वेगळी रक्कम जणू नाहीशीच झाली! पहिल्या मीटरपासून दर तोच आहे, वर फक्त एकोणतीस पैसे. दीड किलोमीटरचे १७.१४ प्रमाणे २५ रुपये ७१ पैसे होतात, ते पूर्ण रुपयात आणून २६ केले, आणि त्या पूर्णांकनाचा उरलेला अंश म्हणजे हे स्थिर पद. राशीचे रूप बदलल्याने नवी माहिती मिळते, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण. याच ठिकाणी कुणी २५.७१ चे चिन्ह विसरून तो २६ मध्ये मिळवला, तर चार किलोमीटरचे भाडे १२० रुपये २७ पैसे निघते. इतके भाडे मागितले तर प्रवासी भांडायला उभा राहील, आणि त्याचे बरोबर असेल.

या राशीत अजून एक पायरी दडलेली आहे, आणि ती सातवीच्या मुलाच्या आवाक्याबाहेरची आहे असे मला वाटत नाही. त्याआधीचे दर १ ऑक्टोबर २०२२ पासूनचे होते : किमान २३ रुपये आणि पुढे १५ रुपये ३३ पैसे. तेव्हाची राशी २३ + १५.३३(क्ष − १.५), म्हणजेच १५.३३क्ष + ०.००५, तिथे स्थिर पद अवघे अर्धा पैसा. दर बदलले तसे सहगुणक आणि स्थिर पद बदलले, सांगाडा तोच राहिला. तो सांगाडाच लिहायचा असेल तर किमान भाड्याला ‘म’ आणि किलोमीटरच्या दराला ‘द’ म्हणू : म + द(क्ष − १.५). कंस सोडवला की म + दक्ष − १.५द. आता क्ष चा सहगुणक एक अक्षर आहे, आणि म व −१.५द ही दोन्ही पदे क्ष च्या दृष्टीने स्थिर आहेत, कारण प्रवास लांबला म्हणून ती बदलत नाहीत. परिवहन खात्याच्या दृष्टीने पाहिले तर बदलणारी हीच आहेत. सहगुणक आणि स्थिर पद ही नावे कुठल्या चलाच्या संदर्भात आहेत हे आधी ठरवावे लागते, एवढे या एका दरपत्रकावरून कळते. ज्ञात पण न ठरलेल्या संख्यांनाही अक्षरे द्यावीत ही रीत युरोपात फ्रान्स्वा व्हिएत यांनी १५९१ मध्ये पक्की केली, आणि १६३७ मध्ये देकार्त यांनी वर्णमालेतली सुरुवातीची अक्षरे ज्ञात संख्यांना आणि शेवटची अज्ञातांना वाटून दिली. आजची पाठ्यपुस्तके त्याच वाटणीने चालतात. या पुस्तिकेत क्ष, त, र अशी देवनागरी अक्षरे वापरली आहेत. शाळेच्या पुस्तकात रोमन अक्षरे दिसली तरी मुलाने बिचकू नये, कारण पदाची रचना अक्षराच्या आकारावर अवलंबून नसते.

विजातीय पदे एकत्र करू नयेत हा नियम प्रत्येक मुलाला सांगितला जातो आणि तरीही ३क्ष + ५ चे ८क्ष होतेच. ही चूक बेफिकिरीने होत नाही. पहिली ते पाचवी मुलाने जेवढे म्हणून गणित केले, त्यात अधिक चिन्ह म्हणजे ‘काहीतरी करा’ असा हुकूम होता आणि शेवटी एकच संख्या यायची. ३क्ष + ५ हे उत्तर म्हणून लिहायचे, तर त्यातले अधिक चिन्ह तसेच शिल्लक राहते. काम अर्धवट सोडल्यासारखे वाटते. त्याला हे पटवायचे असेल तर नियम पुन्हा सांगून भागत नाही, चुकीची राशी काय बोलते ते त्याला ऐकवावे लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलापासून सुरू होऊन शीळफाट्यापाशी बाहेर येतो. त्यातले सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखाली आहेत, आणि घणसोली ते शीळफाटा हा जवळपास ४.९ किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार खोदून झाला. पूर्ण मार्ग ५०८ किलोमीटरचा आणि गाडीचा ठरवलेला कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर. कुठेही न थांबता ती याच वेगाने धावते असे मानले, तर निघाल्यापासून त तासांनी उरलेले अंतर ५०८ − ३२०त. पहिले पद ५०८, दुसरे −३२०त. सहगुणक उणे आहे, कारण उरलेले अंतर तासागणिक तेवढ्याने घटते. मुलाने हे ‘सोपे’ करून १८८त लिहिले असेल, तर त्याला त ची किंमत शून्य घ्यायला सांगावी. १८८त म्हणते, उरलेले अंतर शून्य. गाडी सुटायच्या आधीच पोहोचली. अर्धा तास घेतला तर खरी राशी ३४८ किलोमीटर सांगते आणि चुकीची ९४. पण त ची किंमत १ घेतली तर दोन्ही राशी १८८ देतात! आणि हा योगायोग नाही. स्थिर पद आणि चलाचे पद असे एकत्र करण्याची चूक चलाची किंमत १ असताना कधीच पकडली जात नाही, कारण एकाने गुणल्यावर सहगुणक आणि पद यांत फरकच राहत नाही. पडताळा घेताना मुले सोपा म्हणून १ च निवडतात, आणि चूक बरोबर असल्याची खात्री करून घेतात. म्हणून पुढच्या सरावांत पडताळ्यासाठी ० किंवा २ सुचवला आहे.

घातांकाच्या बाबतीत अडचण थोडी वेगळी आहे. क्ष आणि क्ष² ही विजातीय पदे आहेत हे मुले मान्य करतात, पण का, हे विचारले की ‘घातांक वेगळा आहे’ यापुढे जात नाहीत. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहत आहेत; तिथल्या एखाद्या चौरस खोलीत फरशी बसवायची आहे असे समजू. खोलीची बाजू क्ष फूट. मजुरी जमिनीला स्क्वेअर फुटामागे ६० रुपये आणि भिंतीलगतच्या स्कर्टिंगला रनिंग फुटामागे २५ रुपये धरली, दाराची जागा सोडून दिली, तर खर्च ६०क्ष² + १००क्ष. बाजू दहा फूट असताना पहिले पद ६,००० आणि दुसरे १,०००. बाजू दुप्पट केली, की पहिले पद २४,००० होते, चौपट. दुसरे २,०००, फक्त दुप्पट. एकाच बदलाला दोन पदे वेगवेगळा प्रतिसाद देतात. त्यांना मिळून एकच पद करायचे, तर त्या पदाने एकाच वेळी चौपट आणि दुप्पट वाढावे लागेल, आणि तसे पद असू शकत नाही. सजातीय पदे म्हणजे चल बदलल्यावर सारख्याच पटीने बदलणारी पदे, एवढे मुलाच्या लक्षात आले की नियम त्याला बाहेरून लादलेला वाटत नाही.

हे वाचन परक्या देशातून आलेले नाही. चाळीसगावजवळच्या पाटण गावी १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे, आणि लेखाचा शेवटचा, दानांचा भाग मराठीत आहे. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. ‘बीजगणित’ हा त्याचाच भाग मानला जातो. त्यात पहिल्या अज्ञाताला यावत्-तावत् म्हटले आहे आणि पुढच्यांना रंगांची नावे दिली आहेत : कालक, नीलक, पीतक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे येतात, या, का, नी, पी. आणि स्थिर संख्येसाठी रूप म्हणजे ‘रू’. आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे तो पुढे. या पद्धतीत बेरजेसाठी वेगळे चिन्हच नाही. पदे एकापुढे एक मांडायची, आणि जी संख्या ऋण असेल तिच्या डोक्यावर टिंब द्यायचे. म्हणजे उणेपण दोन पदांच्या मधल्या जागेत नसून संख्येच्या अंगावर आहे. ते तिच्यापासून तोडताच येत नाही. आज १० − ३ + ४ वाचताना मूल जी चूक करते, ती या लेखनात करायला जागाच नाही. एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी आणि भिन्न जातीच्या वेगळ्या ठेवाव्यात, असा नियमही तिथे स्पष्ट सांगितला आहे. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक लिहिताना एखादे पद नसेल तर त्या जागी शून्य मांडायची रीत होती, म्हणजे प्रत्येक जातीचा रकाना निराळा राहत असे. आपली आजची चिन्हे अधिक सुटसुटीत आहेत आणि ती सोडून मागे जाण्याचे कारण नाही. पण सुटसुटीतपणाची एक किंमत आपण देतो : ‘−’ ही एकच खूण वजाबाकीची क्रियाही दाखवते आणि पदाचे उणेपणही. त्यांतले दुसरे वाचन मुलाला मुद्दाम शिकवावे लागते.

ते शिकवता येते, आणि त्याचा पुरावा खाडीपलीकडे आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सहावीच्या वयाच्या मुलांबरोबर बीजगणिताच्या सुरुवातीवर काम केले. मुले जवळपासच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली होती. या कामाचा सविस्तर शोधनिबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी अक्षरांपासून सुरुवात केलीच नाही. केवळ संख्यांच्या राशी घेतल्या, प्रत्येक पदाभोवती त्याच्या चिन्हासकट चौकट काढायला लावली, आणि दोन राशींची किंमत न काढताच त्या समान आहेत का हे ठरवायला सांगितले. १९ − ७ + ४ आणि १९ + ४ − ७ यांत त्याच तीन चौकटी आहेत, म्हणून त्या समान. १९ − ४ + ७ मध्ये चौकटी बदलल्या, म्हणून ती वेगळी. असे पाहायला शिकलेल्या मुलांना पुढे अक्षरांच्या राशी सोप्या करणे जमू लागले, कारण नियम नवे नव्हते. त्याच संशोधनातली दुसरी बाजूही सांगायला हवी. राशी नीट हाताळता येऊ लागल्या म्हणून एखादे विधान बीजगणिताने सिद्ध करणे किंवा सामान्य नियम मांडणे आपोआप येत नाही. त्यासाठी वेगळे काम करावे लागते. पदाचे वाचन ही सगळ्या बीजगणिताची गुरुकिल्ली आहे असा दावा मी म्हणूनच करत नाही. ते सुरुवातीचे काम आहे आणि आपल्याकडे ते वगळले जाते, एवढेच म्हणणे आहे. राष्ट्रीय पातळीवर आता हा क्रम रुजताना दिसतो : २०२५ मध्ये आलेल्या एनसीईआरटीच्या सातवीच्या ‘गणित प्रकाश’ मध्ये अक्षरांच्या राशींआधी फक्त संख्यांच्या राशींचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि पदांशी ओळख तिथेच करून दिली आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मुलाची खरी अडचण पद नसून अक्षर आहे. आक्षेपामागे भक्कम आधार आहे. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या पाहणीत डिटमार क्युखेमान यांना १३ ते १५ वर्षांची बहुसंख्य मुले अक्षराला ‘कोणतीही संख्या’ म्हणून वागवू शकत नाहीत असे आढळले. काही अक्षराकडे दुर्लक्ष करतात, काही त्याला वस्तूचे नाव समजतात. हे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे चिन्हांत लिहायला सांगितले आणि एक तृतीयांशाहून अधिक चुकले. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी सहा उलट्या बाजूला लावला. आपल्या चौकात हेच असे विचारता येईल : प्रत्येक रिक्षात तीन प्रवासी बसले असतील, रिक्षांची संख्या र आणि प्रवाशांची प, तर त्यांचा संबंध काय? पुष्कळजण ३प = र लिहितात, कारण ते ‘तीन प्रवासी, एक रिक्षा’ असे चित्र अक्षरांत उतरवतात. प म्हणजे प्रवासी नव्हे, प्रवाशांची संख्या, हे निसटते. आणि ही सवय आपणच लावतो. सजातीय पदे शिकवताना ‘तीन सफरचंदे आणि दोन केळी यांची बेरीज होत नाही’ असे सांगितले जाते. त्या दिवसापुरते ते सोयीचे असते, पण मग सफरचंद गुणिले केळे म्हणजे काय? अब हा गुणाकार कसा समजावायचा? २अ मध्ये अ ची किंमत −४ असेल, तर उणे चार सफरचंद कुठून आणायचे? अक्षर अवघड आहे हे मान्य करूनही माझे उत्तर असे, की अक्षर एकटे शिकवता येत नाही. मुलाला ते नेहमी पदाच्या आत भेटते. ३र हे पद ‘र या संख्येची तीनपट’ असे वाचायची सवय असेल, तर प = ३र लिहिताना त्याला प्रवासी आणि रिक्षा डोळ्यांसमोर आणाव्याच लागत नाहीत; कोणती संख्या कोणत्या संख्येची तीनपट आहे एवढेच पाहायचे. आणि र ला १०, मग २० अशा किमती देऊन पाहिले, की प मोठा यायला हवा हेही त्याच्या लक्षात येते.

दुसरा आक्षेप नावांविषयी आहे : सहगुणक, द्विपदी, स्थिर पद ही नावे परीक्षेतल्या एका गुणासाठी आहेत, समजेशी त्यांचा संबंध काय? नावे सुटी पाठ केली तर खरेच काही नाही. पण नाव नसेल तर चूक दाखवताही येत नाही. ‘इथे चुकले’ एवढे सांगितलेले मूल पूर्ण उदाहरण पुन्हा करते. ‘दुसऱ्या पदाचे चिन्ह सुटले’ असे सांगितलेले मूल नेमक्या जागी जाते. त्यामुळे नावे हवीतच, फक्त ती कामाला लागताना यावीत. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, संख्यांच्याच राशींवर आठवडा घालवायला वेळ कुठे आहे, असेही शिक्षक म्हणतील, आणि ही तक्रार हलकी नाही. पण आठवीत विस्तार आणि अवयव शिकवताना तोच वेळ दुरुस्त्यांत जातो : (क्ष − ३)(क्ष + ५) मध्ये −३ आणि ५ यांचा गुणाकार +१५ लिहिणारे मूल अवयवांच्या प्रकरणात कधीच उभे राहू शकत नाही, कारण पाया विस्तारात गेलेला असतो. फोनवरची ॲप्स राशी सोपी करून देतात, हेही आता ऐकू येते. देतात, आणि अचूक देतात. पण भाड्याची राशी कोणती, क्ष म्हणजे काय, ती दीड किलोमीटरच्या खाली का लागू नाही, हे ठरवायचे काम ती राशी टाइप करणाऱ्याचे आहे. आणि एकच राशी १७.१४क्ष + ०.२९ अशा रूपात समोर आल्यावर त्या एकोणतीस पैशांचा अर्थ काय, हे विचारण्याइतके वाचन ज्याला आहे त्यालाच त्या उत्तराचा उपयोग.

मांडणीविषयी थोडे. पहिल्या भागात एकही अक्षर नाही. तिथे फक्त संख्यांच्या राशी आहेत. चौकटी काढायच्या आहेत, क्रम बदलून पाहायचा आहे, आणि किंमत न काढता समानता ओळखायची आहे. सहावीत पूर्णांक संख्या शिकलेल्या कोणत्याही मुलाला तो जमेल, त्यासाठी बीजगणिताचा पाठ सुरू होण्याची वाट पाहायला नको. दुसऱ्या भागात चौकटीतल्या एखाद्या संख्येच्या जागी अक्षर येते आणि सहगुणक, चल, घातांक ही नावे एकेक करून येतात. तिसऱ्यात कंस आहेत, आणि तो सर्वांत मोठा भाग आहे, कारण पद आणि अवयव यांची गल्लत तिथेच होते. समीकरणे मुद्दाम घेतलेली नाहीत. समीकरणात उत्तर काढायची घाई असते; राशी मात्र जशी आहे तशी पाहत बसता येते, आणि सुरुवातीला तोच निवांतपणा हवा. शीळफाट्याच्या परिसरातल्या बऱ्याच शाळांत सेमी-इंग्रजी वर्ग आहेत, आणि घरात मराठी, हिंदी किंवा उर्दू बोलणारी मुले एका बाकावर असतात; शिक्षकांनी संज्ञा आपल्या माध्यमातल्या घ्याव्यात, चौकट मात्र सर्वांनी चिन्हासकटच काढावी. सरावातली भाडी फेब्रुवारी २०२५ च्या दराने आहेत. दर पुन्हा बदलले, तर आकडे मुलांनाच बदलू द्यावेत : नवे म आणि द घालून आधी कंसाची राशी, मग सोडवलेली राशी लिहायची, आणि नवे स्थिर पद अधिक येते की उणे, ते पाहायचे. दीड किलोमीटरचे भाडे वरच्या रुपयात नेले तर ते अधिक येईल, खालच्या रुपयात आणले तर उणे.